पैलवान आमच्याकडे राहतो

विशेष शाळेच्या पालकसभेत बसच्या वेळेवरून, फीवरून, स्नेहसंमेलनाच्या कपड्यांवरून तावातावानं बोलणं होतं. खरा प्रश्न सभा संपल्यावर येतो. चपला पायात सरकवता सरकवता एखादी आई जवळ येते आणि आजूबाजूला बघून विचारते, "बाई, आमच्या मागं ह्याचं काय हो?" कोल्हापुरातल्या एका विशेष शाळेत मी शिकवत होते तोवर हा प्रश्न कानावर आला नाही असं एक वर्ष गेलं नाही. शाळेकडं त्याचं उत्तर नसतं. शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढं कार्यशाळा मिळाली तर दिवस निघतो. रात्र कुणाकडं काढायची हे कुठल्याच अभ्यासक्रमात बसत नाही.

आपल्या आज्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही. त्या आपल्यापेक्षा मायाळू होत्या म्हणून नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल 1940च्या दशकात पाश्चात्त्य देशांतसुद्धा सरासरी 12 वर्षं जगायचं. जंतुसंसर्गावर औषधं आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या, आणि आज तिकडं ही माणसं साठीपर्यंत पोचतात. आपल्याकडंही चाळिशी ओलांडलेली मंडळी आता दिसायला लागलीत. त्यांचे आईवडील सत्तरी-पंचाहत्तरीत असतात, गुडघे धरून उठतात आणि मुलाच्या पाठीला साबण लावतात. 2011च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेली सुमारे 15 लाख माणसं मोजली गेली. त्यांतली बहुतेक घरीच आहेत, आईच्या जिवावर.

आमच्याकडं राहतो तो गृहस्थ त्यांतलाच एक. त्याचं नाव सांगत नाही. शुक्रवार पेठेत सगळे त्याला पैलवान म्हणतात. अंगानं आडवा, मान आखूड, चाल डुलती. लहानपणी तालमीच्या दारात बसून पोरांचे जोर मोजायचा: एक, दोन, पाच, धा. असा मोजणारा मिळाल्यावर जोर काढणाऱ्यांची चंगळच. तेव्हापासून हे नाव चिकटलं आणि त्यालाही ते आवडतं. त्याच्या सर्टिफिकेटवर 75 टक्के लिहिलंय. म्हणजे मध्यम प्रतीची अक्षमता. या आकड्यावर सवलती मिळतात, बाकी त्याच्याबद्दल काही कळत नाही. कुस्ती चालू असताना त्याच्याशी बोललेलं त्याला खपत नाही, दही चालतं पण ताक चालत नाही, आणि खोटं बोलताना तो डावा कान धरतो, हे टक्क्यांत येत नाही.

तो माझ्याच वर्गात होता. वडील लवकर गेले. आई ब्लाउज शिवायची. थोरला भाऊ मुंबईत, एका खोलीत चार माणसं. मी निवृत्त झाले आणि त्याच सुमारास तिला दुखणं लागलं. तिनं मला मुलाला सांभाळा असं कधीच म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बाई, शनिवारची एक रात ठेवून घ्याल काय? मला झोप लागती का बघायची हाय."

त्या शनिवारी संध्याकाळी ती त्याला घेऊन आली आणि दारातच सूचना दिल्या. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. भाकरी कुस्करून द्यायची नाही, त्याची त्याला मोडू द्यायची. आंघोळीचं पाणी काढून द्यायचं, पण आत जायचं नाही. वीज कडाडली तर जवळ बसायचं, बोलायचं मात्र नाही. चहा न घेताच ती निघून गेली. पिशवी मांडीवर घेऊन पैलवान दिवाणावर बसून राहिला. जेवण्यापुरता उठला, परत येऊन पिशवी मांडीवर. आमच्या घरातल्या माणसाला विशेष शिक्षणातलं काही कळत नाही. ते उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले. त्यांनी टीव्हीवर कुस्ती लावली आणि स्वतः खाली सतरंजीवर आडवे झाले. अकराच्या पुढं कधीतरी पैलवान त्यांच्या शेजारी सरकला. सकाळी त्याची आई आली तेव्हा म्हणाली, "मला काय झोप लागली न्हाई. पुढच्या शनिवारी बघू."

असे शनिवार होत राहिले. आधी त्याचा ब्रश आमच्याकडं राहिला, मग एक शर्ट, मग भिंतीला त्याच्या टोपीसाठी खिळा मारला गेला. ती गेली तेव्हा त्याला आमच्या घरातला संडासाचा दिवा अंधारात सापडत होता. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तेराव्यानंतर नातेवाइकाच्या दारात नेऊन सोडलेली आमची काही मुलं मी पाहिलीत. त्यांची एकाच आठवड्यात आई जाते, अंथरूण जातं, ताट जातं आणि गल्लीही जाते. मग चिडचिड सुरू झाली की घरचे म्हणतात, हा आधी असा नव्हता.

आई गेली त्या दिवशी त्याला स्मशानात नेऊ नका असं सगळ्यांचं मत पडलं. "त्याला काय कळतंय?" मी हट्ट धरला. आईला शेवटचं न बघितलेला माझा एक विद्यार्थी नंतर कित्येक महिने संध्याकाळी जिन्यात जाऊन बसायचा, कारण आई दवाखान्यातून येणार असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत, आणि शेणी रचून दहन होतं. लोक शेणी दानही देतात. भावानं त्याच्या हातात एक शेणी दिली. त्यानं ती ठेवली, अजून एक मागितली, तीही ठेवली. पुढं कुणी "आई कुठाय रे?" असं विचारलं की तो सांगायचा, "आईला शेणी दिल्या." अजून तेच सांगतो. आई कधी येणार असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

हे झालं येणं. राहणं ही निराळी गोष्ट आहे. लोकांना वाटतं मी एक मूल वाढवते. तसं नाही. पस्तिशी ओलांडलेल्या पुरुषाबरोबर एका घरात राहायचं, आणि तो पुरुष आहे हे इतरांनी विसरलेलं असताना आपण लक्षात ठेवायचं, हे खरं काम. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा न्हावी वस्तरा पुसत मला म्हणाला, "काकी, बारीक करू काय ह्येचं?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय, त्याला विचारा." न्हावी जरा अवघडला. मग आरशातल्या पैलवानाकडं बघून म्हणाला, "काय करायचं, मालक?" पैलवान आरशात बराच वेळ बघत राहिला. मागं दोन गिऱ्हाइकं थांबली होती. अखेर म्हणाला, "मिशी ठिवायची." तोवर दर रविवारी त्याची मिशी साफ होत होती, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आता ती आहे, आणि भरघोस आहे. रोज खोबरेल तेल लागतं.

आता ज्याबद्दल कुणी लिहीत नाही त्याबद्दल थोडं. मोठ्या माणसाला मोठ्या माणसाचं शरीर असतं. तो आमच्याकडं राहायला आल्यावर शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "वैनी, तरण्या पोरी हैत आमच्यात." मला राग आला नाही, तिचा प्रश्न रास्त होता. डाऊन सिंड्रोमची मुलं लहानपणी गोड दिसतात, म्हणून येणारा-जाणारा त्यांना मिठी मारतो, गालगुच्चे घेतो, आणि त्यांनीही कुणालाही मिठी मारावी असं त्यांना वीस वर्षं शिकवतो. एकविसाव्या वर्षी त्याच मिठीचा गुन्हा होतो. दोष कुणाचा? आम्ही बाहेरच्यांना नमस्कार करायचा एवढंच ठरवलं. पाहुणे आले की नमस्कार, दुकानात नमस्कार, बसच्या कंडक्टरला नमस्कार. गल्लीतल्या बायकांनाही सांगून टाकलं की तुम्हीही त्याच्या गालाला हात लावायचा नाही. हा नियम त्यांनाच जड गेला.

दुसरं म्हणजे खोली. आईनं भीतीपोटी त्याच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती. आमच्या यजमानांनी लेथवर एक कडी बनवली. आतून लागते, आणि वेळ आली तर बाहेरून रुपयाचं नाणं खाचेत घालून फिरवलं की उघडते. दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, आणि खोलीतलं खोलीत. एवढ्या एका कडीनं घरातली निम्मी भांडणं मिटली. विशेष शिक्षणाच्या पदविकेत मला वर्तन-सुधारणेवर एक आख्खा पेपर होता. त्यात या कडीचा उल्लेख नव्हता.

कार्यशाळेत तो पाकिटं चिकटवतो. कोल्हापुरात शेंडा पार्कच्या 'चेतना'सारख्या संस्थांनी असं काम आणि शिक्षण कित्येक वर्षं चालवलंय, त्यामुळं या शहरात निदान दिवसाचा प्रश्न काही घरांपुरता तरी सुटतो. महिन्याचं मानधन थोडंसंच, पण ते त्याचं असतं. नोटा तो आकड्यांवरून नव्हे, रंगांवरून ओळखायचा. निळसर म्हणजे शंभर, जांभळी म्हणजे पन्नास. इतकी वर्षं बिनचूक. मग नोटाबंदी झाली आणि नंतर एकेक नवी नोट यायला लागली. पन्नासाची निळी आली, शंभराची फिकट जांभळी आली, दोनशेची पिवळीधमक आली. एक दिवस तो मिसळीच्या दुकानातून तणतणत परत आला. निळी नोट देऊनही शंभराची मोड मिळाली नव्हती. दुकानदार बरोबर होता आणि पैलवानही त्याच्या हिशेबानं बरोबर होता. रिझर्व्ह बँकेला कोण सांगणार? नव्या रंगांची घोकंपट्टी सुरू झाली, पण जुन्या नोटाही चालूच होत्या. शेवटी तो स्वतःच तोडग्यावर आला: फक्त दहाच्या नोटा घ्यायच्या. मानधन दहा-दहाच्या नोटांत मागतो, मिसळ खाल्ली की गठ्ठा गल्ल्यावर ठेवतो आणि म्हणतो, "घे तुझं." दुकानदार मोजून घेतो. आजवर एकदाही जास्त घेतलेले नाहीत. माझा हिशेब असतो.

तो कधी कधी बसतो. ही डाऊनवाल्यांची ओळखीची खोड आहे: मनाविरुद्ध झालं की जागच्या जागी फतकल. एकदा दिवाळीच्या गर्दीत, भर महाद्वार रोडवर, साडीच्या दुकानासमोर बसला. ढोलाएवढा माणूस, कोण उचलणार? मागून दुचाक्यांचे हॉर्न, दुकानदाराचं "ओ काकी, घ्या की पोराला बाजूला", आणि एका भल्या माणसाचा सल्ला, "दोन लावा, लगेच उठतंय." यजमान त्याच्या शेजारी पायरीवर बसले, काखेतला पेपर उलगडला आणि वाचायला लागले. मी दोघांच्या पुढ्यात उभी, रहदारी वळवत. पेपरचं शेवटचं पान येईतो पैलवानानं उजवा पाय पुढं केला. नवी कोल्हापुरी चप्पल. अंगठ्याजवळचं कातडं सोलून निघालं होतं, पार रक्त. सकाळपासून तो ती घालून चालत होता. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. त्याचं दुखणं बसण्यातून, जेवण टाकण्यातून, चिडण्यातून बाहेर येतं. अशा माणसाचं वागणं बिघडलं की आधी दात, कान, पोट, पाय बघायचे. मानसोपचारवाल्याकडं नंतर.

गल्लीचं प्रेम हा आणखी एक मामला. प्रत्येक घरातून एक लाडू, प्रत्येक टपरीवर एक चहा फुकट. आधीच थायरॉइड, त्यात वजन. मी दारोदार जाऊन सांगितलं की त्याला गोड देऊ नका. लोक दुखावले. "एका लाडवानं काय हुतंय?" एका लाडवानं काही होत नाही, पण पेठेत घरं किती आहेत! चाळिशीनंतर या मंडळींना विसरभोळेपणाचा आजार इतरांपेक्षा फार आधी गाठतो, तेव्हा आता त्याच्या तब्येतीवर डोळा ठेवावाच लागतो. बसचा थांबा विसरला का, टोपी भलत्या खिळ्याला लावली का, हे मी बघत असते.

तो माझा कोण, हा प्रश्न पहिल्यांदा 2019च्या ऑगस्टात समोर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या धोक्याची खूण 43 फुटांवर आहे. त्या वर्षी पाणी 55च्या वर गेलं. जामदार क्लबाच्या अंगानं पाणी आत शिरलं आणि आम्हाला एका शाळेतल्या छावणीत जावं लागलं. यादी करणारा तरणा मुलगा होता, दोन रात्री न झोपलेला. कुटुंबप्रमुख, पत्नी, आणि हे? "नातं काय?" यजमान म्हणाले, "पुतण्यागत." मी म्हटलं, "विद्यार्थी." पैलवान छाती काढून म्हणाला, "पैलवान." मुलानं तिघांकडं बघितलं आणि रकान्यात 'इतर' लिहिलं. छावणीत 'इतर'चाच सगळ्यांत जास्त उपयोग झाला. चहाची किटली घेऊन दिवसभर तो वर्गावर्गातून हिंडत होता. ओळ मोडणाऱ्या एका बड्या असामीला त्यानं मागं जायला लावलं. आमच्यात तेवढी छाती नव्हती.

छावणीत 'इतर' चालून गेलं. दवाखान्यात चाललं नाही. हर्नियाच्या ऑपरेशनआधी एका रुग्णालयात संमतीची सही हवी होती आणि माझी सही त्यांना चालेना. भाऊ मुंबईत, फोन लागेना, आणि पैलवान उपाशीपोटी खाटेवर. त्यांचंही फार चुकत नव्हतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाचं पालकत्व कायद्यानं कुणाकडंच आपोआप राहत नाही, आईकडंसुद्धा नाही. ही गोष्ट आमच्या पालकांतल्या दहांपैकी नऊ जणांना ऐकूनही माहीत नसते.

त्यावर मार्ग आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतल्या सज्ञान माणसासाठी ती पालक नेमू शकते. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करतात, पण पालक म्हणून सुचवलेला माणूस नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. त्यांच्या पसंतीचं कुणीही चालतं. भावानं माझ्या नावानं अर्ज केला. त्याआधीच 2016चा दिव्यांग हक्क कायदा आला होता आणि त्यानं मर्यादित पालकत्वाचा विचार आणला होता: माणसाच्या वतीनं परस्पर ठरवायचं नाही, त्याच्याबरोबर बसून ठरवायचं. याच कायद्यात समाजात राहण्याचा हक्कही आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नको असं तो म्हणतो. छान लिहिलंय.

नेमणूक झाली की सहा महिन्यांच्या आत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर वर्षी हिशेब. मी यादी करायला बसले. भावाबरोबरची सामाईक खोली. बँकेतली रक्कम. आईचं शिलाई मशीन, पायाचं. पितळी डबे चार. रेडिओ, बंद. पैलवान समोर बसून ऐकत होता. माझं झाल्यावर उठला, आपल्या खोलीत गेला आणि तालमीनं एका वर्षी त्याला दिलेला लाल लंगोट घेऊन आला. तो मी लिहिला नव्हता. आता यादीत शेवटच्या ओळीत "लंगोट, लाल, एक" असं आहे आणि ती यादी कलेक्टर कचेरीत रीतसर दाखल आहे.

आता पैशाचं. मी पैसे घेते. भाऊ दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवतो आणि त्यातून त्याचं जेवणखाण आणि माझी मेहनत, दोन्ही निघतात. हे कळल्यावर ज्या बायका मला देवमाणूस म्हणायच्या त्यांचे चेहरे पडले. फुकट केलं तर पुण्य आणि पैसे घेतले तर धंदा, मधलं काही नाहीच. मला हे देवपण नको आहे. देवाला सुट्टी नसते, देवाची कंबर दुखत नाही, आणि देवाला कुणी विचारत नाही की तुम्हाला या महिन्यात पुरलं का. शाळेत मी त्याच मुलाला शिकवायचा पगार घेत होते, तेव्हा माझी माया पातळ झाली असं कुणी म्हणालं नाही.

बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. तिथल्या संत डिंफनाच्या देवळात मनोरुग्ण बरे होतात अशा श्रद्धेनं मध्ययुगात यात्रेकरू यायला लागले; देवळात जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घरात उतरवून घेतलं. आपल्याकडं अंबाबाईचे भाविक देवळाजवळच्या घरांत उतरायचे, त्यातलाच प्रकार. फरक हा, की गीलमधले काही पाहुणे परत गेलेच नाहीत. ते त्या घरात म्हातारे झाले, आणि यजमान गेल्यावर त्याच्या मुलांकडं राहिले. मनोरुग्णांबरोबर बौद्धिक अक्षमता असलेलेही त्यांत पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धाआधी साधारण 16 हजार वस्तीच्या त्या गावात असे साडेतीन हजारांवर पाहुणे होते. आता त्यांतले फार थोडे उरलेत, कारण घरात दिवसभर माणूस नसतो. ती अडचण आपल्याला वेगळी सांगायला नको. पण प्रथा चालू आहे आणि कुटुंबाला सरकारकडून पैसे मिळतात. अमेरिकेतही अनेक राज्यांत अशा कुटुंबांना मेहनताना मिळतो, तपासणी होते, मधून सुट्टी मिळते.

आपल्याकडं काय आहे? राष्ट्रीय न्यासाच्या योजना आहेत. 'निरामय'चा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आम्हाला उपयोगी पडला. 'घरौंदा' आहे, पण ती संस्थांनी चालवायच्या निवासगृहांसाठी. स्वतःच्या घरात एक माणूस ठेवून घेणाऱ्या कुटुंबासाठी काहीच नाही. म्हणजे रक्ताचं नातं, नाहीतर संस्था. मधली पायरीच नाही.

संस्थांबद्दल माझ्या मनात आकस नाही. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनीच एकत्र येऊन 'घरकुल' उभं केलं, आपल्या मागं मुलांचं काय या एकाच प्रश्नापायी. अमरावती जिल्ह्यात वज्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. अठरा पूर्ण झाली की बालगृहातून मूल बाहेर काढायचं हा नियम त्यांनी मानला नाही, आणि अशा मुलांना आयुष्यभर राहता यावं असा कायदा करा हे ते वर्षानुवर्षं मागत आलेत. 2024 साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. कायद्याची मागणी त्याआधीची आहे. पण शंकरबाबा गावोगावी होत नसतात. आणि कोल्हापूरनं तरी जागा नाही हे म्हणू नये. 1901पासून शाहू महाराजांनी या गावात जातीजातीच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, ज्यांना कुणी घरात घेत नव्हतं त्यांना या शहरात राहायला खोली मिळाली. त्याच शहरात आज या मंडळींना आईच्या माघारी खोली नाही.

सगळ्यांत अवघड पडतं ते मोकळं होणं. मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला जायचं होतं. पैलवानाला काही दिवस ठेवून घ्या म्हणून दोन ठिकाणी विचारलं. एका निवासी संस्थेनं वर्षाचं डिपॉझिट मागितलं, दुसरीनं थोड्या दिवसांसाठी घेतच नाही म्हणून सांगितलं. गल्लीत विचारलं, तर लाडू देणारी प्रत्येक बाई म्हणाली, "वैनी, दिवसा कधीबी पाठवा, पर रातीचं नको." शेवटी तालमीतली पोरं आली. त्यांच्यातला एक म्हणाला, "आमच्यात झोपंल की तो. आमी हाय की चौघं." गोळीची वेळ लिहून दिली, भिंतीला चिकटवली. रोज रात्री एकजण व्हिडिओ कॉल करायचा आणि पडद्यावर फक्त मिशी दिसायची. मी परत आले तेव्हा पैलवान यायला तयार नव्हता. तिथं त्याला पहाटे उठवून जोर मोजायला बसवत होते.

म्हणून पेठेतल्या, गल्लीतल्या माणसांना माझं एवढंच मागणं आहे की लाडू देऊ नका, रात्र द्या. महिन्यातून एक. आणि पालकांना सांगणं हे, की पालकत्वाचा अर्ज आजच करा, धडधाकट असताना करा. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की अर्ज मिळतो, वकील लागत नाही. पहिली रात्रही तुम्ही असताना होऊ द्या. मुलगा रडेल, तुम्हालाही झोप लागणार नाही, तरी दुसरा शनिवार चुकवू नका. ज्यांच्या घरात एक खोली रिकामी आहे आणि मुलं पुण्या-मुंबईला आहेत, अशी घरं कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांनी जवळच्या विशेष शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना नुसतं विचारून यावं. तिथं नाव सांगायला बसलेल्या आया भरपूर आहेत.